झाकण मिटणाऱ्या मुली

“मेला बघ पुन्हा,” गारिकाई म्हणाला.

त्यानं लॅपटॉपचं झाकण मिटलं होतं, त्यावर तळहात ठेवून थोडा वेळ थांबला होता, आणि मग उघडलं होतं. आत काळा अंधार. खालचा बारीक दिवा तेवढा लुकलुकत होता, म्हणजे जीव होता, पण डोळा उघडायला तयार नव्हता.

मी समोर बसून भुईमूग सोलत होते. “एवढं गोंजारून झोपवल्यावर कोण कशाला उठेल? जरा दटावून बघ.”

“तू शिवणयंत्र दटावतेस वाटतं, चिहेरा?”

“रोज.”

आमचं कूळ म्होफूचं. या कुळातल्या बाईला चिहेरा म्हणतात आणि तिच्या जिभेला धार असते, हे आमच्या रुसापे गावात कुणालाही विचारा. गारिकाई माझा धाकटा भाऊ. नावाचा अर्थ ‘सुखात राहा’, आणि पठ्ठ्या राहिलाही तसाच. मुलींच्या शाळेत कोठीवर होता. खडू, झाडू, साबण, मक्याच्या पिठाची पोती, सगळं त्याच्या किल्लीखाली. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, म्हणून संध्याकाळचा साद्झा, मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा, माझ्याकडेच खायचा. त्यात माझ्या छपरावर सौर पॅनेल आहे. वीज गेली की सगळ्यांना माझी आठवण येते.

शाळेला परदेशातल्या कुठल्याशा कचेरीनं जुने लॅपटॉप दान दिले होते, सगळे एकाच ठेवणीचे. काही दिवस ते मुंगीच्या पावलानं चालले, मग तेही बंद झालं. मुख्याध्यापिका न्यामुकापा बाई म्हणाल्या, “नव्या सत्रापर्यंत हे चालले तर ठीक. नाहीतर भंगारात देऊ आणि त्या खोलीत शिवणवर्ग सुरू करू.” बाईंचं काही चुकलं नव्हतं. मी स्वतः शिवणवाली, मला तर ते फार पटलं होतं.

पटलं नाही ते कोठीवाल्याला. त्यानं कुठूनसं लिनक्स शोधून काढलं, संगणक ज्यावर चालतो ती प्रणाली. जगभरची माणसं मिळून ते बनवतात आणि फुकट वाटतात म्हणे. त्याच्या जुन्या आवृत्त्यांना या लॅपटॉपचं वाय-फाय ओळखता येत नव्हतं. येऊ घातलेल्या नव्या आवृत्तीला येत होतं. पण ती पक्की व्हायची होती. तोवर तिची कच्ची आवृत्ती लोकांपुढे ठेवतात: वापरून बघा, कुठे अडतं ते सांगा, आम्ही सुधारतो. एकदा पक्की निघाली की शाळेनं वर्षानुवर्षं तीच वापरायची.

तो पहिल्यांदा ती माझ्या टेबलावर सुरू करून दाखवत होता, तो दिवस मी विसरणार नाही. बोटाएवढा पेनड्राइव्ह त्यानं लॅपटॉपला लावला, एक बटण दाबलं, आणि मेलेल्या लॅपटॉपवर निळ्या-हिरव्या रंगाचा स्वच्छ पडदा उभा राहिला. खिडक्या उघडायला लागल्या, बाण सरसर पळायला लागला.

“आतलं जुनं सगळं पुसलंस?”

“कशालाच हात लावला नाही. हे सगळं या पेनड्राइव्हवरून चाललंय. काढला की लॅपटॉप होता तसा.”

मी हातातली शेंग तशीच धरून बसले. कुणाच्या तरी घरात न शिरता त्या घराला दिवा लावावा, तसं ते होतं. आणि लावणारी माणसं कोण, कुठली, काही पत्ता नाही. पैसे घेत नाहीत, नाव सांगत नाहीत. अंगावर काटा आला माझ्या. मी त्याला तसं सांगितलं नाही, कारण लाडावला असता.

सगळं चालत होतं. एकच अडत होतं: झाकण मिटलं की पुन्हा पडदा उजळत नव्हता. बंद करून परत सुरू करावं लागायचं, आणि तोवर लिहिलेलं सगळं जायचं.

“मग मिटू नका म्हणावं पोरींना,” मी म्हटलं.

गारिकाईनं माझ्याकडे बघितलं. “आणि वर्गात मोठं माणूस आलं की?”

ते मला सुचलंच नव्हतं. आमच्याकडे मोठं माणूस आत आलं की मुली पुढ्यातलं मिटतात, उभ्या राहतात, टाळ्या वाजवून विचारतात, नीट उठलात का? आपण म्हणायचं, तुम्ही उठला असाल तर मीही उठले. पुस्तक उघडं टाकून कुणी आदर दाखवत नाही, मग लॅपटॉप कसा उघडा टाकतील? न्यामुकापा बाई एका सकाळी चार वेळा वर्गात डोकावायच्या. तेवढ्या वेळा सगळ्या वर्गाचं लिहिलेलं पाण्यात.

त्यानं त्या दूरच्या लोकांना कळवलं. काय कळवलं ते मला वाचून दाखवलं. आधी सगळ्यांना नमस्कार, मग तुम्ही नीट उठलात का, घरची बरी आहेत का, तुमच्याकडे पाऊस कसा आहे, आमच्याकडे बरा आहे. मी पुष्कळ वाट पाहिल्यावर कुठे झाकणाचा विषय आला.

“छान लिहिलंयस,” मी म्हटलं. “गुरांचं विचारायचं राहिलं.”

“त्यांच्याकडे असतील का?”

दुसऱ्या दिवशी तक्रार बंद केल्याचं उत्तर आलं. कुणीतरी दीडच ओळ लिहिली होती: मजकूर फार लांबलचक आहे, दोष काय ते कळत नाही. गारिकाई जेवला नाही त्या दिवशी. मी चिडले. असल्या माणसांच्या दारात जाऊच नकोस म्हटलं. तो म्हणाला, “त्यांना वेळ नसेल, चिहेरा.” आणि पुन्हा लिहायला बसला. या वेळी दोष वर घातला. पण नमस्कार काही सोडला नाही, खाली घातला.

त्याला युहा नावाच्या माणसानं उत्तर दिलं. फिनलंडचा. लिहिलं होतं: “मी उठलो. इथे बर्फ आहे. गुरं नाहीत, एक कुत्रा आहे. तुम्ही उठलात का? आता झाकणाबद्दल सांगा.”

गारिकाई इतका हसला की त्याला धाप लागली. धाप त्याला हल्ली फार लागायची. दवाखान्यात जा म्हटलं की झाकण सुधारू दे म्हणायचा.

मग रोजचंच सुरू झालं. युहाकडे तसला लॅपटॉप नव्हता, म्हणून हा त्याचे हात झाला होता. तो सांगायचा हे करून बघा, हा करायचा आणि काय झालं ते कळवायचा. युहानं विचारलं, मुली झाकण मिटतातच कशाला? गारिकाईनं त्याला आमचं सगळं वळण समजावून लिहिलं. मला वाटलं आता हा वैतागेल. त्याचं उत्तर आलं: “समजलं. मग मुलींचं बरोबर आहे, लॅपटॉपचं चूक आहे.”

हे वाचून मी पहिल्यांदा त्या माणसाला मनातून नमस्कार केला. कुठे फिनलंड, कुठे रुसापे! आमच्या पोरींच्या वळणापायी तो बर्फात बसून डोकं खाजवत होता.

पक्की आवृत्ती निघायला थोडेच दिवस राहिले तेव्हा त्याचा निरोप आला: दोष सापडलासा वाटतो, नवी कच्ची आवृत्ती घ्या, बघून लगेच कळवा. तुम्ही होय म्हटल्याशिवाय ही सुधारणा पक्क्या आवृत्तीत घेता येणार नाही. गारिकाई गावातल्या मित्राच्या दुकानात जाऊन ती पेनड्राइव्हवर उतरवून घेऊन आला. म्हणजे, येत होता. पिठाच्या गिरणीपाशी खाली बसला. लोकांना वाटलं दम खातोय.

दवाखान्यातून मला त्याचे कपडे एका पिशवीत दिले.

आमच्याकडे गेलेल्याच्या वस्तूंना वाटणीचा दिवस ठरेपर्यंत हात लावायचा नसतो. कपडे, भांडी, फोन, सगळ्याची बोचकी बांधून त्याच्याच खोलीत कोंडली. किल्ली आमचा थोरला चुलतभाऊ सायमन याच्याकडे. त्याला मी मुकोमा म्हणते, थोरला म्हणून.

दफन होऊन पाहुणे पांगले. मी मशीनवर बसले, पण सुई चालेना. मनात सारखं एकच येत होतं, तो माणूस तिकडे वाट बघत असेल. शर्टाच्या खिशात पेनड्राइव्ह आहे. गारिकाई गेला ते गेला, त्याचं कामही त्या बोचक्यात बांधून ठेवायचं का? दुपारी उठले आणि मुकोमाचं दार वाजवलं.

“किल्ली दे.”

“वाटणी अजून दूर आहे, चिहेरा.”

“मला त्याचं काही नको. खिशातला पेनड्राइव्ह हवा, आणि फोन. घटकाभर.”

“बोचकं सोडायचं? लोक काय म्हणतील?”

“लोकांना सांग, चिहेरानं सोडलं. कुणाला आश्चर्य वाटणार नाही. आणि वाटणीच्या दिवशी बोचकी मीच सोडायची ना, बहीण म्हणून? मग एक आधी सोडते. चुकलं तर त्याचं आणि माझं बघून घेऊ आम्ही.”

मुकोमानं खुंटीवरची किल्ली काढली. मग टोपी घातली आणि माझ्याबरोबर आला.

शर्टाला अजून त्याचा वास होता. मी तो नाकाशी धरला नाही, धरला असता तर पुढचं काम झालं नसतं. लॅपटॉप शाळेचा, तो माझ्याकडेच होता. मी संगणक कधी वापरलेला नाही, पण इतक्या संध्याकाळी समोर बसून भुईमूग सोलला होता. पेनड्राइव्ह लावला. तेच बटण दाबलं. निळा-हिरवा पडदा उभा राहिला तसा मुकोमा खुर्ची मागे सरकवून बसला.

मी झाकण मिटलं. वर तळहात ठेवला. भाऊ थांबायचा तेवढी थांबले. खरं म्हणजे जास्तच थांबले, उघडायची भीती वाटत होती. लॅपटॉप नाही उठला तर भावाचे सगळे दिवस वाया, आणि उठला तर ते बघायला भाऊ नाही.

“उघड आता,” मुकोमा हळूच म्हणाला.

उघडलं. क्षणभर काळोख. आणि पडदा उजळला. सगळं जिथल्या तिथे, बाणसुद्धा.

मुकोमानं डोक्यावरची टोपी काढली आणि तळहात जुळवून सावकाश टाळ्या वाजवल्या, मोठ्यांपुढे वाजवतात तशा. कुणासाठी ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दोघांचेही डोळे वाहत होते.

फोनवर युहाचे निरोप साठले होते. नीट उठलात का? उठलात का? बरे आहात ना? वेळ थोडा आहे. मी इंग्रजीत लिहिलं: “मी गारिकाईची बहीण. आमच्याकडे मरणाच्या घरातून नमस्कार करत नाहीत, म्हणून करत नाही. माझा भाऊ गेला. नवी आवृत्ती मी लावून बघितली. झाकण मिटलं, उघडलं. लॅपटॉप उठला.”

उत्तर लगेच आलं नाही. आलं तेव्हा एवढंच होतं: “मी आज कुणालाही नमस्कार केलेला नाही. सुधारणा आत घेतली.”

फोन परत बोचक्यात ठेवला. गाठ मीच बांधली.

नव्या सत्रात न्यामुकापा बाईंनी मला शाळेत बोलावलं. गावभर सगळे मला तेते म्हणतात, म्हणजे आत्या, बाईसुद्धा. “या तेते, बघा तरी.” खोलीत ओळीनं लॅपटॉप, प्रत्येकावर तो निळा-हिरवा पडदा, पक्का झालेला. बाई सांगत होत्या की या ठेवणीचे लॅपटॉप जगात जिथे जिथे असतील, तिथे तिथे आता झाकण मिटून उघडता येतं. मी ऐकत होते. किती घरं, कुठली गावं, कुणाचे हात. आणि त्यातल्या कुणालाही आमच्या कोठीवाल्याचं नाव ठाऊक नाही.

मी उंबऱ्यातून आत पाऊल टाकलं. सगळी झाकणं पटापट मिटली. मुली उभ्या राहिल्या, टाळ्या वाजवल्या.

“नीट उठलात का, तेते?”

“तुम्ही उठला असाल तर मीही उठले.”

मुली बसल्या, झाकणं उघडली, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पडदे उजळत गेले. जिचं वाक्य जिथे राहिलं होतं, तिथून ती पुढे लिहायला लागली. एकीनंही मान वर केली नाही.

मी वळले आणि बाहेर व्हरांड्यात गेले.

“काय झालं, तेते?” न्यामुकापा बाई मागे आल्या. “काही विसरलात का?”

“हो,” मी म्हटलं, पदरासारखा खांद्यावर घेतलेला कपडा सारखा केला, आणि पुन्हा आत गेले. सगळी झाकणं पुन्हा पटापट मिटली.