खालचा पाईप

गडब गावाच्या अलीकडे तापमानाचा काटा पुन्हा लाल पट्ट्यात शिरला आणि बाबाजीनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. बॉनेटच्या फटीतून वाफ फुसफुसत होती. रोह्यातून निघाल्यापासून ही दुसरी खेप; पहिली नागोठण्याला.

"थांबलास कशाला? पेण काय लांब हाय?" पुढच्या सीटवरून दाजीशेठ खेकसला. अॅम्बॅसॅडर त्याची, पांढरे कपडे त्याचे, आवाजही त्याचाच. बाबाजी चौदा वर्षं त्याचा ड्रायव्हर.

मागं अहमद बसला होता, रोह्याशेजारच्या अष्टमी गावचा वेल्डर, विमानतळापर्यंतचं भाडं देऊन. मांडीवर बॅग गच्च धरलेली. त्याला सहाच्या आत मुंबईला सहारच्या विमानतळावर पोचायचं होतं. कुवेतच्या व्हिसाची मुदत उद्या संपत होती. आजचं विमान गेलं की व्हिसा गेला. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

"गार पाणी ओत आणि चल," दाजीशेठ म्हणाला.

"तापल्या इंजिनावर गार पाणी ओतलं तर ब्लॉक तडकंल, शेठ."

"मला शिकवतोस?"

हातावर गोणपाट घेऊन बाबाजीनं रेडिएटरचं झाकण सैल केलं, तरी वाफेनं मनगट भाजलंच. पाणी काठोकाठ होतं. पट्टा ताठ, पंखा ठीक. मग गाडी तापते कशानं? त्यानं वरच्या पाईपला बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं. खालच्या पाईपला लावलं. पाईप थंडगार होता, रांजणासारखा.

वरून उकळतं पाणी येत होतं आणि खाली उतरतच नव्हतं. रेडिएटर तुंबला होता.

सकाळी रेडिएटरची एक नळी ठिबकत होती. बाबाजी म्हणाला होता, डाख लावून घेऊ, दोन तास लागतील. दाजीशेठ म्हणाला, हळद टाक, सगळे टाकतात. खरंच टाकतात. या रस्त्यावरचा प्रत्येक ड्रायव्हर डब्यात हळद ठेवतो. बाबाजीनं दोन चमचे टाकली होती, गळती थांबली होती. पण दोन चमच्यांनी रेडिएटर असा दगड होत नाही.

शंभर पावलांवर वालाच्या मळ्यात डिझेलपंप धडधडत होता. बाबाजी आणि अहमदनं गाडी ढकलत तिथवर नेली. दाजीशेठ आत बसूनच राहिला.

मळ्याची मालकीण गिरजाबाई बांधावर उभी होती. "पाणी माझ्या वालांना हाय. तुमच्या डब्याला नाय."

"गो बाय, ह्या पोराचं विमान हाय. अर्धा तास पाईप दे."

गिरजाबाईनं अहमदचा चेहरा पाहिला, मग गाडीत बसलेल्या दाजीशेठला पाहिलं. "घे. माझे वाल काय विमानाला जायचे नाय. आणि तो आत कोण? गणपती? त्याला जोह्याला मूर्तींच्या कारखान्यात नेऊन ठेवा."

बाबाजीनं रेडिएटरचे दोन्ही पाईप सोडले आणि पंपाची नळी खालच्या तोंडाला चिंध्यांनी आवळली. पाणी उलटं, खालून वर. नळी फुगली, थरथरली. काहीच बाहेर येईना. अहमद घड्याळ बघत होता. मग आत कुठंतरी गुरगुरलं आणि वरच्या तोंडातून पिवळा चिखल भसाभसा बाहेर पडला. गोळेच्या गोळे.

"मी दोन चमचे टाकलेली," बाबाजी म्हणाला. "ही शेरभर कुठून आली?"

अहमदनं मान खाली घातली. "काका, तुम्ही नागोठण्याला पाणी आणाया गेलात, तवा शेठ म्हणाले बॅगेत हळद हाय ती दे. अम्मीनं घरी कुटून दिलेली, तिकडं वर्षभर पुरंल म्हणून. शेठनं सगळी ओतली."

"गळती थांबली का नाय?" दाजीशेठ आतून ओरडला.

"थांबली. पाणीपण थांबलं," बाबाजी म्हणाला.

हळद गेली तशी रेडिएटरची सकाळचीच नळी परत ठिबकू लागली. बाबाजीनं तिच्याभोवतीच्या पत्र्याच्या पात्या बाजूला सारल्या आणि ती एक नळी वर-खाली पकडीनं चेपून बंद केली. एक मेली, बाकीच्या जगल्या. पाईप आवळले. इंजिन निवलं होतं, आता पाणी भरलं. पावणेतीन वाजले.

"पेणपर्यंत सावकाश ने," दाजीशेठ म्हणाला. "तिथं पोराला एस्टीत बसव. माझं इंजिन जाळायचं नाय मला."

"एस्टी सातच्या आत सहार दाखवणार नाय."

"मग त्याचं नशीब!"

नशीब! स्वतःच्या हातानं ओतायचं आणि वर दुसऱ्याचं नशीब काढायचं. बाबाजीला चौदा वर्षं आठवली. प्रत्येक पंक्चर त्याच्या माथी, प्रत्येक ओरखडा त्याच्या माथी. बायको शकू म्हणायची, गप राहा, चाकरी हाय. तो गप राहिला होता.

"नशीब नाय शेठ, तुमचा हात," तो म्हणाला. "पोराला मी सोडणार. तुम्हाला उतरायचं तर पेणला उतरा. आणि तवर हा पाण्याचा कॅन मांडीवर धरा. मागं ठेवला तर सांडंल."

गिरजाबाई तोंडाला पदर लावून हसली. दाजीशेठच्या ओठावर शिवी आली, पण रस्त्यावर दुसरी गाडी दिसत नव्हती आणि चावी बाबाजीच्या मुठीत होती. त्यानं कॅन धरला. पेणच्या नाक्यावर तो ओल्या धोतरानं उतरला.

"उद्यापास्नं येऊ नको."

"बरं. चावी रातच्याला घरी मिळंल," बाबाजी म्हणाला आणि गियर टाकला.

पनवेल गेलं, ठाण्याची खाडी गेली. अहमद काट्याकडं बघत होता, रस्त्याकडं नाही. दर पंधरा मैलांनी बाबाजी थांबायचा, पाणी बघायचा.

सहारला पाच चाळीस झाले होते. अहमद बॅग घेऊन पळाला, दारातून वळून एकदा हात केला, आत गेला.

बाबाजीनं बॉनेट उघडलं आणि भाजल्या मनगटाच्या हातानं खालचा पाईप धरला. पाईप गरम होता. तो धरून तसाच उभा राहिला, चटका बसेपर्यंत.