कड्यात फिरणारा प्रकाश

काकांनी किसलेला बर्फ पात्रात दांडक्याने दाबला, वरून थंडगार शुद्ध पाणी सोडलं आणि काचेची नळी त्यात हलकेच रोवली. नळीच्या टोकाशी शेजारी उभ्या तरुण संशोधिकेची तापमान मोजणारी चिप होती, मसुराच्या दाण्याएवढी. तापमापक तपासण्याच्या या खोलीत सगळे त्यांना बर्फकाका म्हणत. बर्फात चिपने शून्य दाखवायला हवं होतं. फार तर अंशाच्या दोन शतांशांची चूक चालली असती. काकांची सही मिळाली नाही, तर तिचं तीन वर्षांचं काम सोमवारच्या बैठकीत गुंडाळलं जाणार होतं.

पडद्यावर आकडा आला. एकवीस शतांश.

"परत तेच," ती म्हणाली. "बर्फच गरम असेल."

"माझ्या बर्फाला नावं ठेवू नकोस. तीस वर्षांत त्याने कुणाला फसवलेलं नाही." काकांनी स्टूल ओढलं. "आत नक्की काय आहे ते सांग बघू. मी पाचवीत आहे असं समज."

"सिलिकॉनमध्ये कोरलेलं बारीकसं कडं आहे. प्रकाश सोडला की त्यातला एक ठरावीक रंग कड्यात अडकून फिरत राहतो. तापमान बदललं की अडकणारा रंग सरकतो. किती सरकला, त्यावरून तापमान कळतं."

"आणि प्रकाश किती सोडतेस?"

"होता होईल तेवढा. कमी केला की खूण पुसट होते."

काकांनी खणातून प्लॅटिनमचा जुना तापमापक काढून रुमालाने पुसला.

"याच्या तारेतून आम्ही वीज सोडतो. नवखा होतो तेव्हा मीही भरपूर सोडायचो, आकडा ठसठशीत दिसावा म्हणून."

"मग?"

"मग काय. ताप आलाय का बघायला घरातल्या दहा जणांनी कपाळावर हात ठेवावा, तसं व्हायचं."

तिची बोटं बटणांवर थबकली. "तारच तापायची?"

काका रुमालाची घडी घालत राहिले.

तिने प्रकाश निम्मा केला. अकरा शतांश. त्याच्याही निम्मा केला. सहा. खूण पुसट होती, पण होती. वहीत तीन ठिपके देऊन तिने पट्टी ठेवली आणि रेघ ओढली. प्रकाश जिथे शून्य होत होता, तिथे रेघ एका शतांशावर टेकली.

"काका, पहिला आकडा लिहायलाच हवा का?"

"लिहायलाच हवा. झालं ते झालं."

त्यांनी तिन्ही आकडे छापील तक्त्यात एकाखाली एक लिहिले आणि ते थांबले. पुढच्या रकान्यावर 'वीजप्रवाह' असं छापलं होतं. हा तक्ता त्यांनीच आखलेला. इतक्या वर्षांत त्यातलं एक अक्षरही बदललं नव्हतं. चष्मा कपाळावर सरकवून ते त्या शब्दाकडे बघत राहिले. मग त्यावर एक सरळ रेघ मारून त्यांनी वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'प्रकाश'.

कागद तिच्यापुढे सरकवून त्यांनी पेनही तिच्या हातात दिलं.

"हा रकाना तू भर," ते म्हणाले. "पेन सहीपुरतं परत दे."