आनिएल्लोच्या अकरा पायऱ्या

आमच्या लाक्को आमेनो गावात माणूस पोरांपेक्षा आपल्या विहिरीचं कौतुक जास्त करतो. बेटाखाली ज्वालामुखी आहे, त्याच्या खडकांतून रेडॉन नावाचा वायू गरम पाण्यात उतरतो, आणि त्या पाण्यात बसायला सांधे धरलेली माणसं थेट मिलानहून येतात. बाकी जग 'किरणोत्सर्गी' म्हटलं की पळतं. आनिएल्लोने तो शब्द आपल्या स्नानगृहाच्या पाटीवर हातभर अक्षरांत रंगवून घेतला होता. त्यासाठी पाण्यात वायू असल्याचा नेपल्सचा सरकारी दाखला लागतो. दाखला गेला की शब्द पुसायचा, आणि शब्द पुसला की डॉक्टर रोग्यांना शेजारच्या फिलोमेनाच्या स्नानगृहात पाठवणार.

गेल्या हिवाळ्यात आनिएल्लोला वाटलं, पाणी नुसतं नळीतून टबात पडतं, यात थाट कुठला? त्याने विहिरीपासून टबांपर्यंत संगमरवराच्या अकरा पायऱ्या बांधल्या. पाणी खळाळत येणार, येता येता निवणार. वरच्या पायरीवर अर्थातच स्वतःचं नाव.

रेस्तितूता एकतीस वर्षं टब भरते. ती म्हणाली, "मालक, असं उघड्यावर नाचवलं तर वायू उडून जाईल."

"मावशी, तुम्ही टॉवेलांच्या घड्या घाला. शास्त्र मला शिकवू नका."

मी तिथे आंघोळीच्या वेळा लिहितो. मी वहीत डोकं घातलं. भित्र्यांच्या यादीत माझंही नाव आहे.

मे महिन्यात दाखल्याच्या तपासणीला नेपल्सहून सावास्तानोबाई मोजणीचं यंत्र घेऊन आल्या. आनिएल्लोने त्यांना आधी मडक्यात शिजवलेला ससा खाऊ घातला, मग पायऱ्यांपाशी उभं केलं.

"रोगी कुठलं पाणी वापरतात?" बाईंनी विचारलं.

"हेच, खालच्या पायरीचं! हात लावून बघा, रेशीम आहे रेशीम."

बाईंनी पाण्याखालीच बाटली भरली, बुडबुडाही न ठेवता बूच लावलं. तासाभराने म्हणाल्या, "यात काहीच नाही."

"तुमचं यंत्र बिघडलंय!"

"मग विहिरीच्या तोंडाशी घ्या की," रेस्तितूता म्हणाली. बाईंनी घेतलं. यंत्राचा आकडा असा चढला की आनिएल्लोची छाती पुन्हा फुगली.

"विहीर उत्तम आहे," बाई म्हणाल्या. "पायऱ्या काढा, बंद नळी टाका. आठ दिवसांनी परत मोजते. कशी टाकायची ते या मावशींना विचारा, त्यांना कळतंय."

सगळे रेस्तितूताकडे बघू लागले. आनिएल्लोला चारच शब्द बोलायचे होते: मावशी, तुमचं बरोबर होतं. तेवढ्यावर दाखला होता, डॉक्टर होते, सगळा हंगाम होता. त्याने वरच्या पायरीवरच्या आपल्या नावाकडे बघितलं आणि तो म्हणाला, "पायऱ्या राहतील. लोक माझ्याकडे वायू हुंगायला येत नाहीत."

आठ दिवसांनी रंगारी शिडी लावून पाटीवरचा शब्द खरवडत होता. खाली पायऱ्यांपाशी आनिएल्लो हात वर करून ओरडत होता, "अरे जपून! संगमरवरावर डाग पडेल!"