नाळ एकाची, नाव दुसरीचं

मी डबी बोलतेय, नाळेची डबी. बोलतेय कसली, चडफडतेय! सत्तावीस वर्षं तोंड मिटून बसले. आता माझ्याच्याने राहवत नाही.

माझा जन्म कामो गावातला. आमच्या गावात किरीच्या लाकडाची कपाटं बनतात, लेकींना लग्नात द्यायची. लाकूड वजनाला हलकं, आत ओल शिरत नाही की कसर लागत नाही. कपाट झाल्यावर जे तुकडे उरतात, त्यांतून माझ्यासारख्या डब्या निघतात. पोर जन्मलं की आठवड्याभरात त्याची वाळलेली नाळ गळून पडते. ती कापसात गुंडाळून आमच्या पोटात ठेवायची, झाकणावर पोराचं नाव, जन्मदिवस आणि आईबापांची नावं लिहायची. आईने ती जपायची आणि लेक सासरी निघाली की तिच्या हाती द्यायची. बस, एवढंच काम. पण माझ्या नशिबी तेवढंही सरळ आलं नाही.

मला एका सुईणीने विकत घेतलं आणि नाओएत्सुच्या बंदरात नेलं. तिथे शिगेओ नावाचा माणूस गोदीत कामाला होता. त्याची बायको फुमिए. त्यांना मुलगा झाला. पाचव्या दिवशी नाळ गळली, ती माझ्यात आली. सहाव्या दिवशी मुलगा गेला. आमच्याकडे बारसं सातव्या दिवशी, त्यामुळे बिचारा नावावाचून गेला. माझं झाकण कोरंच राहिलं.

चार दिवसांनी सुईण मागच्या दाराने परत आली. तिच्या शालीत एक मुलगी होती, दहा दिवसांची.

"हिच्या आईला हिला वाढवणं शक्य नाही," ती म्हणाली. "कोण, कुठली, विचारू नका. कागदावर मी तुमच्याच पोटची म्हणून लिहून देते. हिची नाळ तेवढी तिने स्वतःकडे ठेवून घेतली."

फुमिएला दूध येतच होतं. तिने पोरीला छातीशी धरलं ते धरलंच.

"माझ्या आईला कळलं तर?" शिगेओने विचारलं.

"तुम्ही तोंड उघडलंत तरच कळेल ना?" फुमिए म्हणाली.

मग तिने शाई काढली आणि माझ्या झाकणावर लिहिलं, 'मियोको'. अगं बाई, आत नाळ कुणाची, वर नाव कुणाचं! पण मला विचारतंय कोण? मुलाची नाळ टाकून देववत नव्हती, आणि नातीची डबी बघायला सासू मागणार हे नक्की होतं. त्या दिवसापासून मी खोटं बोलणारी डबी झाले.

महिन्याभरातच सासरे वारले. शिगेओने कामोतलं त्यांचं तातामी चटयांचं दुकान हाती घेतलं आणि आम्ही सगळे सासूच्या राज्यात आलो. ताकी आजी म्हणजे हाडाने काटक आणि जिभेने तिखट. तिचा जीव दोनच गोष्टींवर, एक मुरवलेला मुळा आणि दुसरं रक्ताचं नातं.

"कान बघा पोरीचे!" मासेवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ती सांगायची. "अगदी आमच्या यजमानांचे! रक्त लपत नाही हो."

काय सांगू, हसावं की रडावं कळायचं नाही मला! आल्यागेल्यासमोर मला खणातून बाहेर काढायची आणि झाकणावर टिचकी मारायची. "ही आमची वंशवेल." पलीकडच्या दारूच्या दुकानदाराने एक मूल दत्तक घेतलं होतं. त्याचा विषय निघाला की नाक मुरडायची. "दुसऱ्याचं रक्त ते. उद्या उलटेल तेव्हा कळेल. माझ्या घरात असतं तर मी दुसऱ्या दिवशी जिथलं तिथे पोचवलं असतं."

भाजी चिरता चिरता फुमिएची सुरी थांबायची. मग पुन्हा चालू व्हायची. आठ वर्षं त्या बाईने पोटात भीती घेऊन सासूला जेवू घातलं. मियोकोला कुणी परत घेऊन जाईल, या एका विचाराने ती तिला शाळेतसुद्धा स्वतः सोडायला जायची. आणि मी खणात बसून धुमसत होते.

मग तो बर्फाचा जानेवारी आला. पंधरवडाभर नुसता बर्फ. आगगाड्या बंद, रस्ते बंद, माणसं वरच्या मजल्याच्या खिडकीतून ये-जा करायची. भर दुपारी घरात दिवा लावावा लागे. त्यातच मियोको तापली. श्वास घेताना तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. शिगेओ सकाळीच खिडकीतून बाहेर पडला होता, डॉक्टरला आणायला. दुपार झाली तरी त्याचा पत्ता नव्हता.

ताकी आजीने खण उघडला आणि मला उचललं. "किटली ठेव शेगडीवर," ती म्हणाली. "पोरीच्या जिवावर बेतलं की तिचीच नाळ उकळून पाजायची असते. शिगेओला मी तसंच वाचवलंय."

"आई, थांबा ना जरा. डॉक्टर येतीलच."

"डॉक्टर उडत येणार आहेत का? ठेव म्हणते ना!"

फुमिएने किटली ठेवली. आजीने माझं झाकण काढलं, कापूस बाजूला केला. तशी फुमिएने तिचं मनगट धरलं. सासूचं मनगट! मी तर सुन्न झाले.

"ती मियोकोची नाही, आई."

"काय बरळतेस?"

"माझा मुलगा सहाव्या दिवशी गेला. त्याची आहे ती. मियोको माझ्या पोटची नाही." फुमिएने मनगट सोडलं नव्हतं. "मला हाकला. रस्ता मोकळा झाला की आम्ही दोघी जातो. पण भलत्याचीच नाळ पोटात जाऊन तिला काही झालं तर मी काय करू?"

वाफेने किटलीचं झाकण खडखडत होतं.

"आठ वर्षं! आठ वर्षं मला ते कान दाखवत बसलीस?"

"कान तुम्हीच बघत होतात," फुमिए रडत रडत म्हणाली.

तेवढ्यात आतून मियोको कण्हली. "आजी... पाणी."

म्हातारी उठली. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण तिने पोरीचं डोकं मांडीवर घेतलं, चमच्याचमच्याने पाणी पाजलं, घाम पुसला, पांघरूण नीट केलं. परत येऊन बसली तेव्हा तिचा आवाज उतरला होता.

"म्हणजे ही हिच्या भावाची."

फुमिएला काही कळेना.

"तुझा मुलगा, तुझी मुलगी. मग भाऊच ना तो हिचा? बहिणीसाठी भावाने एवढं करू नये होय?"

"आई, त्याचं एवढंच उरलंय माझ्याकडे."

"मला का ते कळत नाही?" म्हातारीने मला फुमिएच्या मांडीवर ठेवलं. "तूच काय ते ठरव. मी हात लावणार नाही."

फुमिए माझ्याकडे बघत बसली. आत मियोकोच्या छातीतली शिट्टी चालूच होती. मग फुमिएने ती नाळ उचलली, क्षणभर गालाला लावली आणि किटलीत सोडली. मला ओरडावंसं वाटलं. आठ वर्षं मी सांभाळलं होतं ते!

दुसऱ्या दिवशी सकाळी शिगेओ डॉक्टरला घेऊन आला. डॉक्टरने इंजेक्शन दिलं, तिसऱ्या दिवशी ताप उतरला. कशाने उतरला, देव जाणे. ताकी आजीने मात्र गावभर डांगोरा पिटला, "नाळेने तारलं! आमच्याच रक्ताची ना ती!" अगं म्हातारे, आता तरी! पण नाही. उलट पूर्वीपेक्षा दुप्पट जोरात कानांचं कौतुक करायला लागली.

त्या वसंतात एकदा घरात दोघींशिवाय कुणी नसताना तिने शाई आणि कुंचला काढला. "त्याचं नाव काय ठेवणार होतात?" तिने फुमिएला विचारलं. "इसामु," फुमिए म्हणाली. म्हातारीने मियोकोच्या नावाखाली वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, 'भाऊ इसामु'. पुन्हा त्या दोघी त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत.

ताकी आजी जाऊन दहा वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी मियोकोचं लग्न झालं. किरीचं कपाट दिलं, रेशमी किमोनो दिले, मला मात्र दिलं नाही. आता ती बाळंतपणासाठी माहेरी आलीये. मुलगा झालाय, महिन्याचा आहे. काल त्याची नवी डबी हातात घेऊन तिने विचारलं, "आई, माझी कुठेय गं? दोन्ही शेजारी शेजारी ठेवीन म्हणते."

फुमिए बाळाचे लंगोट घडी घालत होती. मान वर न करता म्हणाली, "हरवली बघ, त्या बर्फाच्या वर्षी."

हरवली! दोन हातांवरच्या खणात मी जिवंत बसलेय आणि म्हणे हरवली! मियोको "असू दे" म्हणाली आणि बाळाकडे वळली. पण तिचा चेहरा उतरला, तो मी फटीतून पाहिला.

फुमिए, घाबरतेस कशाला? खरं कळलं की ती तुला आई म्हणायचं सोडेल, हीच भीती ना? अगं, पोटच्या मुलाची शेवटची खूण तू हिच्यासाठी उकळत्या पाण्यात सोडलीस. आई असण्याचा आणखी कुठला दाखला हवाय तुला? सासूसमोर तोंड उघडलंस तेव्हा नाही घाबरलीस, आणि लेकीसमोर घाबरतेस? माझं बोलणं माणसांना ऐकू येत असतं तर मीच केव्हाच सांगून टाकलं असतं. पण मी पडले लाकडाची. हे काम तुझंच आहे.

उद्या अकराच्या गाडीने मियोको जाईल. रिकामी तर रिकामी, मला तिच्या हातात ठेव. झाकणावरचं दुसरं नाव ती वाचेल, कोण हा म्हणून विचारेल. तेव्हा शेजारी बस आणि आपल्या मुलाविषयी सांग. सत्तावीस वर्षांत त्याच्या नावापलीकडे तुला कुणी एक शब्द विचारलेला नाही, फुमिए. तिला तरी विचारू दे.