चोराचा लिंब

माझ्या सासूबाईंचं नाव केवळाबाई. पण गावात त्यांच्या माघारी सगळे त्यांना 'दंडवाली' म्हणतात, आणि त्यात काही खोटं नाही.

येलदरीच्या धरणात आमच्या गावासमोर एक बेट आहे. धरण भरलं तेव्हा टेकडीचा तेवढाच माथा पाण्यावर राहिला. उन्हाळ्यात तिथल्या उघड्या काठावर सुरय पक्षी अंडी घालतात. एखाद्या साली पाणी फारच ओसरलं की बेटाकडे चिखलाची वाट उघडी पडते, आणि पलीकडे हिरवं दिसल्यावर शेळी कुणाच्या बापाचं ऐकते? शेळ्या गेल्या की अंडी तुडवली जातात, म्हणून गावाने कायदा केलेला. ज्याची शेळी बेटावर गेली, त्याने बेटाच्या वरच्या अंगाला एक झाड लावायचं आणि तीन उन्हाळे घागरीने पाणी नेऊन जगवायचं. झाडाला नाव त्या माणसाचं. बजरंगची चिंच, बालाजीची बाभूळ. पैसे भरून सुटतो म्हणणाऱ्याला केवळाबाई दारातूनच वाटेला लावत.

माझंही एक करंज आहे तिथे. दहा वर्षांपूर्वी माझी एक शेळी, फक्त एक, तासभर तिकडे चरून आली. सख्ख्या सुनेलाही या बाईने सोडलं नाही. घागर घेऊन ती चढण चढताना मी मनातल्या मनात त्यांचा किती उद्धार केला, ते माझं मलाच ठाऊक. माझ्या लेकीला मी ते करंज कधी दाखवलं नाही.

गेल्या महिन्यात वनखात्याच्या दीपिका मॅडम आल्या. बेट राखीव होणार होतं. आनंदाचीच गोष्ट, पण बाहेरच्या एका संस्थेने अर्ज केला होता की बारा वर्षांपासून बेट आम्हीच राखतोय, पुढची राखणही आम्हालाच द्या. त्यांच्याकडे फोटो, फायली, शिक्के. आमच्याकडे कागदाचा चिटोराही नाही. राखण त्यांच्याकडे गेली असती तर गावाला बेटावर पाय ठेवायची बंदी झाली असती. इतकी वर्षं राखलं आम्ही आणि दाराबाहेर उभे राहणारही आम्हीच!

मॅडम म्हणाल्या, "कागद नसेल तर दुसरं काही दाखवा. पण सुरुवात कधी झाली ते कळलं पाहिजे."

केवळाबाई म्हणाल्या, "होडीत बसा."

बेटावर जो तो आपापल्या झाडापाशी जाऊन उभा राहिला. "हे माझं, शेळ्या तीन." "हे आमच्या आज्याचं, आख्खा कळप." एकमेकांची टिंगल करत, हसत सांगत होते सगळे. मी करंजापाशी आले आणि मुकाट्याने पुढे सरकले. केवळाबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

मॅडम भराभर लिहून घेत होत्या. म्हणाल्या, "मोठेपणा कुणीही सांगतं. आपला गुन्हा खोटा कोण सांगेल?"

शेवटी माथ्यावरचा लिंब आला. बुंधा असा की दोघांच्या कवेत मावत नाही. मॅडमनी विचारलं, "आणि हा?"

"चोराचा लिंब," व्यंकटराव म्हणाले. गावातलं सगळ्यात जुनं माणूस ते. "भात्तर सालच्या दुष्काळात कुणाच्या तरी शेळ्यांनी हितली समदी अंडी तुडिवली. केवळाबाईच्या सासऱ्यानं, दत्तरावनं, पारावर इचारलं, कोण हाय? कुणी कबूल हुईना. मग म्हनले, नाव नगं सांगू, पर मोडलंस त्याच्या बदली बेटावर एक झाड लाव. आठ दिसांनी हितं रोपटं दिसलं, काट्याचं कुंपण करून. तवापासून हा कायदा. पर कुणी लावलं, ते न्हाई म्हाईत."

मॅडमचं पेन थांबलं. "नाव नसेल तर लिंब आपोआपही उगवलेला असू शकतो. पहिल्याच झाडाला साक्ष नाही, तर सुरुवात मी कुठून धरू?"

"लिहा," केवळाबाई म्हणाल्या. "केवळाबाई. शेळ्या चार."

मला वाटलं, गावासाठी म्हातारी खोटं बोलतेय. पण त्या खाली बसल्या आणि मुळाशी साचलेला पाला हातांनी बाजूला करू लागल्या. मुळांनी घट्ट धरलेला एक दगड निघाला. फुटक्या जात्याचा अर्धा तुकडा. "घागर टेकवायला आणला व्हता," त्या म्हणाल्या. मी पाहतच राहिले. त्याचा दुसरा अर्धा आमच्या अंगणात आहे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्याच्यावर कोंबड्यांचं पाणी ठेवते आणि उरलेला तुकडा कुठे गेला म्हणून दर वर्षी विचारते!

"मॅडम, खरंय," मी ओरडलेच. "जोड आमच्या घरी हाय. चला, दाखिवते."

व्यंकटराव कपाळाला हात लावून म्हणाले, "आगं, पन्नास वर्सं आमाला दंड लावायलीस, आन् पयली चोर तूच?"

"म्हनून तर लावायले," केवळाबाई म्हणाल्या. "करडं मरायली व्हती दुधावाचून, म्हनून मीच शेळ्या हितं आनल्या. मी नवी सून. नाव सांगितलं असतं तर मामंजींनी पोर म्हनून माफ केलं असतं. मंग पुढं कुणाला दंड लावता आला असता?"

अभिमानाने माझा ऊर भरून आला. ज्या बाईला मी तीन उन्हाळे शिव्या दिल्या, ती माझ्याआधी तीच चढण चढली होती, आणि तिला तर कुणी पकडलंही नव्हतं.

मॅडमनी वर्ष लिहिलं, खाली नाव लिहिलं. "सुरुवात मिळाली. गावाचा अर्ज मी आजच पाठवते," म्हणाल्या आणि वही मिटायला लागल्या.

"थांबा," मी म्हणाले. "एक झाड राहिलं. ते खालचं करंज."

"कुणाचं?"

"माझं. विजयमाला, केवळाबाईची सून. शेळी एक."