इस्त्रीवालीची लेक

रविवारी लाँड्री बंद असायची, म्हणून कपडे ठेवायचं लांब टेबल दुपारी लेकीला आणि तिच्या दोस्तांना खेळायला मिळायचं. बाबांना तो खेळ अर्धामुर्धाच कळला होता. प्रत्येकाने एक शूरवीर कल्पायचा, त्याचं घराणं कागदावर लिहायचं. मग त्यांच्यातला लंब्या गोष्ट सांगणार आणि पुढचं फाशांवर ठरणार.

बाबा कोपऱ्यात स्वतःच्या शर्टाला इस्त्री करत होते. दुकान बायकोचं. ती जाऊन आठ महिने झाले, तरी त्यांना कॉलर काही जमत नव्हती.

लंब्याने लेकीचा कागद उचलला. "तुझ्या तलवारबाज बाईची आई इस्त्रीवाली? अगं, घराण्याचा खेळात उपयोग हवा. या चष्मिशच्या बाईची मावशी चेटकीण, म्हणून तिला मंत्र येतात. तू काय, राक्षसाच्या चड्डीला कडक घडी घालणार?"

चष्मिश फिदीफिदी हसली. "आईबाप मारून टाक ना. माझ्या बाईचे मेलेत. अनाथ राजकन्या कर, सोपं पडतं."

"माझी आई एकदा गेलीय," लेक म्हणाली. "कागदावर परत नाही मारणार."

बाबांचा हात थांबला.

"बरं बाई," लंब्या नरमला. "आजच्या डावात एकदा तरी आई कामी आणून दाखव. नाहीतर राजकन्या."

"ठरलं."

तासभर झाला. राक्षस मेला, पूल पडला, आई काही कामी येईना. बाबा त्याच बाहीवर चौथ्यांदा इस्त्री फिरवत होते. शेवटी किल्ल्याच्या दारात राजाचा दूत आला. तीन दिवस घोडा पिटाळत आलोय, दार उघडा म्हणाला. चष्मिश उघडायला निघालीच.

"थांब गं. अंगात काय आहे त्याच्या?"

"झगा. पांढरा, एकदम कडक," लंब्या म्हणाला.

"कोपरात चुण्या?"

"नाहीत."

"मांडीवर?"

"कडक म्हटलं ना!"

"मग हा घोड्यावर नव्हताच. बसलेल्या माणसाचं कापड आधी कोपरात आणि मांडीवर मोडतं. आई नुसता कपडा उलगडून सांगायची, कोण दिवसभर उभा होता न् कोण बसून. हा इथेच कुठेतरी कपडे बदलून आलाय. दार उघडायचं नाही."

लंब्याने आपली गोष्टीची वही पाहिली आणि मिटली. "शत्रूचा हेर आहे. फासा न टाकता ओळखलंस."

"आणि माझी चेटकीण मावशी झोपली होती का?" चष्मिश करवादली.

बाबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तेवढ्यात करपल्याचा वास आला.

"बाबा, बाही!" लेक ओरडली. "आई असती तर तुमचीच घडी घातली असती." मग तिने पेन उचललं. "बापाचा रकाना रिकामा आहे. काय लिहू? इस्त्रीवाला?"

बाबांनी बाहीवरचा तपकिरी डाग नीट पाहिला.

"छे, ते खोटं होईल. इस्त्रीवालीचा नवरा लिही. आणि जरा मोठ्या अक्षरात."