साधं आधी, मोठं शेवटी

"चहात साखर कमी आहे," दादा पुटपुटला.

चार चमचे मी स्वतःच्या हातानं घातले होते. माझा भाऊ अब्दुल-शाफी साखरेवरून कुरकुरायला लागला की समजावं, याचं मन दुसरीकडे आहे. आज ते लेकीच्या फोनमध्ये होतं.

त्याची लेक रजा. बारावीला शंभरात शहाण्णव. आमच्या घरात तोवर कॉलेजचं फाटक कुणी ओलांडलेलं नव्हतं. दादा सहीच्या जागी अंगठा उठवतो. वाचता येतं ते एकट्या मला, तेही तामिया, म्हणजे वाटलेल्या कडधान्याची भजी, गुंडाळलेले पेपर चाचपडत वाचून शिकलेलं. त्यामुळे विजेचं बिल असो की औषधाची बाटली, सगळं माझ्यापुढे येतं. प्रवेशाचा अर्जही आला.

हवी ती कॉलेजं एकाखाली एक भरायची होती. रजाला आस्यूत शहरातलं मेडिकल कॉलेज हवं होतं. मी म्हटलं, "बये, पाहुणी म्हणून गेल्यावर पहिला हात मांसाच्या मोठ्या तुकड्याला घालतं का कुणी? आधी साधं माग. पोरीला वळण आहे, हे सरकारलाही दिसू दे." म्हणून पहिल्या ओळीत गावाजवळची दोन वर्षांच्या डिप्लोमाची संस्था आणि मेडिकल पार नवव्या ओळीत.

"तुमच्या डोक्याला तोड नाही, ताई," सबाहवहिनी म्हणाली होती. मी तीनदा नाही नाही म्हटलं आणि दिवसभर खूश राहिले.

"लागली यादी," रजा म्हणाली. तिनं फोन माझ्यापुढे धरला. मी वाचलं. पुन्हा वाचलं. गावाजवळची संस्था.

"खाली बघ, खाली," दादा म्हणाला. "मेडिकल खाली असेल."

खाली काही नव्हतं.

तेवढ्यात शेजारची इन्साफ आनंदाच्या बातमीला वाटतात त्या लाल सरबताचा जग घेऊन दारात आली. रजाच्याच वर्गातली, तिच्याहून दोन मार्क कमी. "मला आस्यूत मेडिकल मिळालं, आत्या. रजा, आपण एकत्रच जायचं ना?"

कुणी ग्लास पुढे केला नाही. रजानं तिला फोन दाखवला.

"हे तू पहिलं लिहिलंस?" इन्साफचा आवाज खाली आला. "अगं, कॉम्प्युटर वरून बघत येतो. मार्क जिथं बसले तिथं थांबतो. पुढचं वाचतच नाही."

"आता बदलता येतं ना?" दादानं विचारलं.

इन्साफनं नकारार्थी मान हलवली, जग उंबऱ्यावर ठेवला आणि निघून गेली.

पोरीला वळण आहे की नाही, हे तिकडे कुणी बघतच नव्हतं.

"मशीनच बिघडलं असणार," दादा म्हणाला.

"नजर लागली माझ्या पोरीला," वहिनी म्हणाली. "त्या दिवशी सगळ्या गल्लीला मार्क सांगत होतात तुम्ही."

"सांगू नको तर काय करू? लपवू?" दादा उसळला.

"वशिला चालला असेल वर," मी म्हणाले. हो, मीसुद्धा.

दादा आणि वहिनी एकमेकांकडे बघत होते. माझ्याकडे मात्र कुणी बघत नव्हतं. दादानं तर माझा कप उचलून माझ्या हातात दिला, आजारी माणसाला द्यावा तसा.

रजा माझ्या शेजारी येऊन बसली. रडली नाही. फोन पालथा घातला.

"आत्या, तुला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "आणि तुला वाचता येतं, म्हणून आम्ही कुणी दुसऱ्याला विचारलंच नाही."